हापूस न कापता आतलं कसं ओळखायचं? शेडमधल्या निवडीबद्दल प्रश्न

बिडीकर_बागायत

नमस्कार मंडळी. आम्ही खानापूर तालुक्यातले, बिडीच्या बाजूचे. घरची हापूसची बाग आहे आणि शेजारच्या चार-पाच बागांचा मालही आमच्याच शेडमध्ये येतो. आई, काकू आणि गावातल्या बायका निवड करतात. वजनावर तीन प्रती लावायच्या, डागी माल बाजूला काढायचा, मग थोडा माल कच्चाच बेळगावच्या बाजारात जातो आणि उरलेला आढीत पिकवून गोव्याला.

यंदा गोव्याच्या खरेदीदारांनी दोन अटी घातल्या आहेत. एका पेटीतली सगळी फळं एकाच वेळी तयार झाली पाहिजेत, आणि साका निघाला तर पेटीचे पैसे कापणार. त्यांचंही चूक म्हणता येत नाही. गिऱ्हाईक आंबा घरी नेऊन कापतं, वरून सोन्यासारखा आणि आत कोयीजवळ पांढरट, आंबट, पोकळ गर निघाला की ते परत त्या दुकानात पाय ठेवत नाही.

अडचण अशी की चौकशी करावी तर कुणी घट्टपणा मोजणारा पेनिट्रोमीटर घ्या म्हणतं, कुणी रसाची गोडी मोजणारा ब्रिक्स मीटर. दोन्हींत फळ जातं. शिवाय जे कापलं ते चांगलं निघालं म्हणून शेजारचं चांगलं कशावरून? बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांत लोखंडाचे जॉब, म्हणजे ओतलेले सुटे भाग, न फोडता आतली पोकळी शोधतात असं ऐकून आहे. फळाला तसं काही आहे का? महिना-सव्वा महिन्याचा हंगाम, वळीव सुरू झाला की घाई. मोठ्या पॅकहाऊससारखी पट्ट्यावरची यंत्रं आम्हाला परवडायची नाहीत. कुणी प्रत्यक्ष काम केलं असेल तर सविस्तर सांगा.

फळबाजार_बेळगाव

दादा, अडतीच्या गाळ्यावर माझी उभी हयात गेली, म्हणून तेवढ्यापुरतं सांगतो. कच्चा माल आला की आम्ही आधी खांदे बघतो. पोक्त हापूसचे खांदे देठाच्या वर आलेले असतात आणि देठाशी खळगा पडलेला असतो. कोवळ्या फळाला देठ वर आणि खांदे खाली उतरलेले. दुसरं, साल. गर्द हिरवी चकचकीत असली तर अजून वेळ होता, फिकट होऊन वर भुरकट लव आली असली तर माल भरलेला. हे तुमच्या आईंना माझ्यापेक्षा जास्त कळत असणार, बघा की.

एक मात्र हात जोडून सांगतो. पिकत आलेल्या फळाला अंगठा लावू देऊ नका. लिलावात दहा जण येतात, दहाही जण एकच आंबा दाबतात, दोन दिवसांनी बरोबर तिथंच काळं पडतं. दाबून बघायचंच असेल तर तळहातात धरून चारी बोटांनी हळू, एकाच माणसानं.

आणि साका कुणाच्याही बोटाला कळत नाही. कळतो म्हणणारे बाजारात पुष्कळ भेटतील. त्यांच्या हातात पाच आंबे द्या आणि कापून बघा.

अनगोळ_निवृत्त_तपासनीस

बिडीकर, तुम्ही उद्यमबागेचं नाव काढलंत म्हणून लिहायला बसलो, कारण तेच माझं काम होतं. फाउंड्रीच्या तपासणी विभागात नोकरी झाली, आणि सासरवाडीची हापूसची बाग बेकवाडला आहे, त्यामुळे निवृत्तीनंतर मे महिना तिथल्या शेडमध्येच जातो. दोन्हीकडचं बघितलेला माणूस म्हणून लिहितो, थोडं लांबेल.

आधी लोखंडाचं सांगतो, कारण फळाचं सगळं त्यातच आहे. एसजी आयर्न, म्हणजे सहज न तुटणारं ओतीव लोखंड, त्याच्या ओतकामात ग्रॅफाइट गोल गाठींच्या रूपात बसलं पाहिजे. तसं बसलं नाही तर जॉब बाहेरून देखणा दिसतो आणि गाडीखाली तुटतो. प्रत्येक जॉब कापून सूक्ष्मदर्शकाखाली बघता येत नाही. म्हणून एक तर हातोडीनं ठोकून आवाज ऐकायचा, गाठी नीट असतील तर टणकन वरचा सूर येतो, नसतील तर बद्द वाजतं. नाही तर अल्ट्रासोनिकनं आवाजाचा वेग मोजायचा. चांगल्या एसजीत तो सेकंदाला ५,५०० मीटरच्या आसपास किंवा वर असतो, साध्या ग्रे आयर्नमध्ये बराच खाली.

पण हा आकडा आम्हाला कुठून मिळाला? त्याच नमुन्याचे, त्याच ओतीचे जॉब ठोकून, वेग मोजून, मग कापून, पॉलिश करून बघितले तेव्हा. कापलेल्या नगांचं रजिस्टर नसेल तर सूर हा नुसता सूर आणि वेग हा नुसता आकडा. नग न फोडता तपासायचा तर त्याआधी पुरेसे नग फोडून, लिहून ठेवलेले असावे लागतात. यंत्र विकणारा हे सांगत नाही. तो एक फळ तुमच्या समोर धरतो, पडद्यावर आकडा येतो आणि तुम्हाला वाटतं काम झालं.

आता फळाकडे. तुमच्या प्रश्नात तीन वेगळे प्रश्न एकत्र झाले आहेत, आणि ते वेगळे केल्याशिवाय कुठलंच यंत्र उपयोगी पडणार नाही. फळ झाडावर पोक्त झालं होतं का, हा एक. आत्ता ते किती पिकलंय, हा दुसरा. आत काही बिघाड आहे का, हा तिसरा. पहिला प्रश्न माल उतरल्या दिवशी विचारायचा, दुसरा आढीतून काढताना. तिसऱ्याचं उत्तर सगळ्यात अवघड.

घट्टपणा हा फक्त दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो. झाडावरून उतरवलेला हापूस कोवळा असो की भरलेला, दगडासारखाच लागतो. त्या दिवशी घट्टपणा मोजून काहीही हाती लागत नाही. आढीत घातल्यावर गरातलं पेक्टिन सुटायला लागतं, पेशींच्या भिंती सैल होतात, तिथून पुढं घट्टपणा बोलायला लागतो.

पेनिट्रोमीटरची पद्धत अमेरिकेतल्या मॅग्नेस आणि टेलर या दोघांनी १९२५ साली काढली. ठराविक जाडीचा दांडा सोललेल्या जागी गरात घुसवायचा आणि किती जोर लागला ते बघायचं. सफरचंदाला ११ मिलिमीटरचा दांडा, नासपतीला ८ चा. आजही बाकी सगळी उपकरणं त्याच्याशीच ताडून बघतात, म्हणजे ते लोखंडाच्या कापलेल्या नगाच्या जागी आहे. एक घ्याच. पण मोजक्या फळांसाठी.

न टोचता मोजायला साधं आहे ते ड्युरोमीटर, रबराचा कडकपणा मोजतात ते. रबराचं ‘शोर ए’ मापाचं टोक फळाला टोचतं, त्यामुळे मऊ वस्तूंसाठीचं माप किंवा गोल टोकाचं, फळासाठी बनवलेलं घ्यावं. सालीवरच टेकवायचं, काटा बघायचा, उचलायचं. फळाच्या दोन्ही गालांवर एकेकदा आणि सरासरी. देठाकडे आणि चोचीकडे नको, एकच फळ देठाशी घट्ट आणि टोकाशी मऊ असू शकतं. दुसरी काळजी म्हणजे सुकलेलं फळ. पाणी कमी झालं की साल चिवट होते, रबरासारखी दबते आणि परत येते, आकडा फसवतो. मोजायची फळं सावलीत, एका तापमानाला आलेली हवीत.

दुसरी पद्धत ठोकण्याची, आणि ही मला फार आवडते. फळाला हलकी टिचकी मारली की ते आपल्या सुरात थरथरतं. घट्ट फळाचा सूर वर, पिकत जाईल तसा खाली. कलिंगडवाला थाप मारून ऐकतो ते हेच. पण नुसता सूर ऐकून चालत नाही, कारण मोठं फळ तितकंच घट्ट असलं तरी खालच्याच सुरात बोलतं. म्हणून १९६०-७० च्या दशकांत संशोधकांनी त्यात वजन घेतलं. सुराच्या फ्रिक्वेन्सीचा वर्ग करायचा आणि त्याला वजनाच्या दोन-तृतीयांश घातानं गुणायचं, तो ताठरपणाचा निर्देशांक. वर्ग आहे हे लक्षात घ्या. फ्रिक्वेन्सी निम्म्यावर आली तर निर्देशांक चौथ्या हिश्श्यावर येतो, म्हणजे सुरातला थोडा फरकही ठळक दिसतो. युरोपातल्या सफरचंदाच्या पट्ट्यांवर याच तत्त्वावरची यंत्रं आहेत. फळ क्षणभर थांबतं, टिचकी बसते, छोटा माइक ऐकतो, वजन आधीच्या काट्यावरून आलेलं असतं.

आंब्याला ही पद्धत सफरचंदाइतकी स्वच्छ लागू होत नाही. आंबा गोल नाही आणि मध्ये चपटी मोठी कोय आहे, त्यामुळे गालावर टिचकी मारली तर एक सूर, कडेवर मारली तर दुसरा. जागा कायम ठेवली तर काम होतं. पूर्ण पिकून मऊ झालेल्या फळात सूर विरून जातो, तिथं ड्युरोमीटरच बरा.

लोखंडाचं अल्ट्रासोनिक यंत्र आंब्याला लावता येईल का, हे मला बरेच जण विचारतात. नाही लावता येत. आमची यंत्रं २ ते ४ मेगाहर्ट्झवर चालतात. फळाच्या पेशींमध्ये बारीक बारीक हवेच्या जागा असतात आणि इतक्या वरच्या फ्रिक्वेन्सीचा आवाज त्यात काही मिलिमीटरमध्येच जिरतो. फळासाठी ज्यांनी अल्ट्रासोनिक वापरलं ते ५० किलोहर्ट्झच्या आसपास खाली उतरले, आणि तेही बहुतेक प्रयोगशाळेत.

आता तुमच्या शेडला सगळ्यात जास्त उपयोगी पडेल ते. पाणी.

हापूस पोक्त होत जातो तसा जड होत जातो, म्हणजे आकाराच्या मानानं. साध्या पाण्यात जो तरंगतो तो कोवळा. बुडतो तो भरलेला. कोकणात काढणीसाठी १.०१ ते १.०२ विशिष्ट गुरुत्व, म्हणजे पाणी १ धरलं तर त्या मानानं फळाचा जडपणा, योग्य धरतात. यावरून दोन टाक्या करा. पहिलीत साधं पाणी. तरंगलेला माल बाजूला, तो आढीत घालू नका, सुरकुतेल आणि आंबटच राहील, त्याला लोणच्याचा रस्ता दाखवा. बुडालेला माल दुसऱ्या टाकीत, तिथं मिठाचं पाणी १.०२ चं. यात जो तरंगतो तो गोव्याचा माल. यातही जो तळाला जातो तो फार भरलेला. साका मोठ्या आणि जास्त पोक्त फळांत अधिक आढळतो हे बऱ्याच अभ्यासांत दिसलंय, आणि असा माल पिकतोही लवकर. तो जवळच्या बाजारात, आधी.

बघा, एका टोपलीतून तीन ढीग झाले, एकही फळ न कापता, आणि प्रत्येक ढिगातला माल पोक्तपणात जवळजवळचा. तुमची एकाच दिवशी पिकण्याची अट बरीचशी इथंच सुटते. आमच्याकडे मेहुण्यांनी हे सुरू केल्यापासून आढी उलटून-पालटून निवडण्याचं काम फार हलकं झालंय.

बिडीकर_बागायत

काका, फार आभार. इतकं समजावून कुणी सांगितलं नव्हतं. आईला वाचून दाखवलं, ती म्हणाली खांद्याचं आणि पाण्याचं जुळतंय का ते आधी बघू.

शंका अशा. मीठ नक्की किती घालायचं? पाण्यात बुडवल्यानं फळ सडणार नाही ना? आणि साक्याचं शेवटी काय, तो पाण्यानं पकडला जातो का?

अनगोळ_निवृत्त_तपासनीस

मीठ शंभर लिटरला अडीच ते तीन किलो. पण किलोवर भिस्त ठेवू नका, मीठ ओलं असतं, टाकीत पाणी किती तेही अंदाजाचं असतं. हायड्रोमीटरनं, म्हणजे पाण्याचा जडपणा दाखवणाऱ्या तरंगत्या नळीनं, बघा. एक सूचना, गॅरेजवाल्याकडचा बॅटरीचा हायड्रोमीटर आणू नका, तो १.१ च्या पुढचं दाखवतो. प्रयोगशाळेच्या सामानाच्या दुकानात १.००० ते १.०५० दाखवणारा मिळतो तो घ्या. मीठ पूर्ण विरघळू द्या, ढवळा, मग मोजा. दिवसभरात फळांबरोबर साधं पाणी येऊन मिठाचं पाणी पातळ होतं, म्हणून दुपारी परत मोजा.

सडण्याचं. पाणी स्वच्छ हवं आणि रोज बदलायला हवं, नाही तर एका फळाची बुरशी सगळ्यांना लागते. उन्हातून आलेलं गरम फळ थंडगार पाण्यात टाकू नका. आतली हवा आकसते आणि देठाच्या जागेतून पाणी आत ओढलं जातं, सोबत जंतूही. म्हणून माल आधी सावलीत निववायचा. देठ बोटभर ठेवून उतरवलेला असेल तर हा धोका कमी, चीकही सालीवर उतरत नाही. मिठाच्या पाण्यातून काढल्यावर साध्या पाण्याची एक बुडी आणि जाळीवर पूर्ण कोरडं होईपर्यंत वारा. ओलं फळ आढीत जाऊ देऊ नका.

साका पाण्यानं पकडला जात नाही. साका ज्यात जास्त निघतो तो ढीग वेगळा होतो, इतकंच. तुमच्या खरेदीदाराला हे असंच्या असं सांगा.

अरभावी_उद्यानविद्या

नमस्कार काका, दादा. मी अरभावीच्या किट्टूर राणी चन्नम्मा उद्यानविद्या महाविद्यालयात शिकते, काढणीनंतरच्या तंत्रज्ञानाकडे माझा कल आहे. काकांच्या लिहिण्यात प्रकाशाची बाजू राहिली ती जोडते.

पोक्तपणा मोजायला जगभर आता निअर-इन्फ्रारेडची हातात धरायची यंत्रं वापरतात. आपल्याला दिसत नाही असा ७०० ते १,१०० नॅनोमीटरचा प्रकाश फळात सोडतात. तो काही मिलिमीटर आत जाऊन परत येतो आणि पाणी, साखर, स्टार्च त्यातला आपापला वाटा शोषून घेतात. पाण्याची खूण ९७० नॅनोमीटरच्या आसपास दिसते. त्यावरून फळातला कोरडा अंश, म्हणजे पाणी सोडून उरणारा भाग, काढतात. कच्च्या फळात गोडी मोजून उपयोग नसतो, कारण साखर अजून स्टार्चच्या रूपात असते. पण कोरडा अंश जितका जास्त तितकं ते फळ पिकल्यावर गोड, हे आंब्यात चांगलं सिद्ध झालंय. ऑस्ट्रेलियात तर बागेतच यंत्र फिरवून कोरडा अंश बघतात आणि जातीप्रमाणे साधारण १३ ते १६ टक्क्यांची किमान पातळी गाठल्यावरच तोडणी करतात. तिथल्या सेंट्रल क्वीन्सलँड विद्यापीठाचं यावर मोठं काम आहे. जपानमध्ये तर १९८० च्या दशकाच्या शेवटापासून पट्ट्यावर पीचची गोडी अशी मोजतात.

काकांचं म्हणणं इथं तंतोतंत लागू पडतं. यंत्रात दुसऱ्या जातीचं कॅलिब्रेशन, म्हणजे कापलेल्या फळांशी आकडा जुळवून ठेवलेला हिशेब, भरलेलं असतं. ते आपल्या हापूसला तसंच वापरलं तर आकडा येतो, पण तो आपल्या आंब्याचा नसतो. आपली जात, आपली बाग, वेगवेगळे हंगाम, वेगवेगळी तापमानं, असे नमुने घेऊन, त्याच फळांचा गर वाळवून, वजन करून कॅलिब्रेशन बांधावं लागतं.

आणि दादा, कोरडा अंश तुम्ही यंत्राशिवायही काढू शकता. सोललेल्या गराच्या पातळ चकत्या १०० ग्रॅम तोला, ६५-७० अंशांना सुकवणी यंत्रात वजन उतरायचं थांबेपर्यंत ठेवा, परत तोला. उरले तितके ग्रॅम म्हणजे तितके टक्के. फळ जातं, पण बागेमागे थोडीच फळं लागतात, आणि कुठली बाग आधी उतरवायची हे त्यावरून ठरवता येतं.

साक्याबद्दल. भाभा अणु संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी १९९३ साली हापूसमधला साका क्ष-किरणांच्या चित्रात दिसतो हे प्रसिद्ध केलं. साक्याच्या जागी हवेच्या पोकळ्या असतात, तिथून किरण जास्त आरपार जातात. फळ न कापता साका खरोखर दाखवणारी पद्धत म्हणजे ही. पण ती शेडमध्ये बसवायची गोष्ट नाही, किरणांपासून संरक्षण आणि परवाने आले. त्यामुळे आपल्या हातात आहे ते साका होऊच न देणं. उतरवलेला माल तापल्या जमिनीवर ठेवायचा नाही, सकाळी लवकर तोडायचा, झाडाखाली पाचोळ्याचं आच्छादन ठेवायचं, कारण जमिनीतून येणारी धग हे साक्याचं एक मोठं कारण मानतात. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेनं कोयीतल्या बदलांशी साक्याचा संबंध दाखवला आहे. आत बी रुजण्याची तयारी झाडावरच सुरू होते आणि ती गरातलं पाणी आणि अन्न ओढते. त्याच कामातून त्यांनी ‘अर्का साका निवारक’ नावाचं द्रावण काढलं. ते फळ झाडावर असतानाच द्यावं लागतं, त्यामुळे यंदा वेळ गेलेली असेल तर पुढच्या हंगामाआधी मत्तीकोप्पच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा संस्थेकडे विचारून घ्या.

रंगावर चालणाऱ्या यंत्रांबद्दल एक ओळ: हापूस उतरवताना हिरवाच असतो, आणि कार्बाइडनं पिकवलेल्या फळाची साल आत कच्चं असतानाही पिवळी होते. कार्बाइडला आपल्याकडे बंदी आहे, इथिलीन वायूला १०० पीपीएमपर्यंत परवानगी आहे. रंग बघून आतलं ठरवू नका.

तेलसंग_द्राक्ष

आमच्या अथणी भागात द्राक्ष, त्यामुळे तुमचा अर्धा त्रास आम्हाला नाही. द्राक्ष तोडल्यावर पिकतच नाही, वेलीवर जे आहे तेच. मणी काढून रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे त्याच ब्रिक्स मीटरवर, थेंब टाकतो, बेदाण्याला २२ ब्रिक्सच्या वर गेल्याशिवाय हात लावत नाही. पण घडाच्या खांद्यावरचा मणी गोड आणि शेंड्याचा आंबट असतो, म्हणून तीन जागचे मणी एकत्र चुरडून बघतो. नमुना कुठून घेतला हे आकड्याइतकंच महत्त्वाचं, एवढंच सांगायचं होतं.

बिडीकर_बागायत

ताई, आच्छादनाचं आजच गड्यांना सांगितलं. काका, शेवटचं एक. खरेदीदाराला मी कुठल्या आकड्यावर शब्द देऊ? समजा तीस आंबे पिकवून कापले आणि एकातही साका नाही, तर माल साका नसलेला आहे असं म्हणू का?

अनगोळ_निवृत्त_तपासनीस

नाही, आणि हे विचारलंत ते फार बरं झालं. तपासणीच्या धंद्यात एक साधा नियम आहे. जितके नग कापले त्यानं तीनला भागा. एकही दोष सापडला नाही तरी दोषाचं प्रमाण तितकं असू शकतं, हे धरून चालायचं. तीस कापले आणि सगळे चांगले निघाले, तर तीन भागिले तीस, म्हणजे दहात एक साका असूनही तुमच्या हाती लागला नसेल अशी शक्यता उरते. शंभर कापले तर शंभरात तीन. म्हणून एका दिवसाच्या कापण्यावर शब्द देऊ नका. रोज प्रत्येक ढिगातले थोडे आंबे ठेवून द्या, पिकवा, कापा, लिहा. हंगाम संपेपर्यंत कापलेल्यांची संख्या आपोआप मोठी होते आणि त्या ढिगाबद्दल, त्या बागेबद्दल तुम्ही ठामपणे बोलू शकता. खरेदीदाराला पैसे कापण्याच्या अटीऐवजी हे रजिस्टर दाखवा आणि शेकडा अमुक इतका साका धरून भाव ठरवा. आमच्याकडे मोठे मोटारवाले गिऱ्हाईकही याच भाषेत बोलायचे. शून्य दोष मागायचे, पण सही करायचे ती नमुन्याच्या तक्त्यावर.

रजिस्टरमध्ये बागेचं नाव, तोडणीची तारीख, वजन, तीन ढिगांपैकी कुठला, आढीत कधी घातला, ड्युरोमीटरचे दोन आकडे, आणि कापल्यावर साका आहे की नाही. त्यात टिचकीचा सूरही लिहा. फोनवर आवाजाचा स्पेक्ट्रम दाखवणारी फुकट ॲप आहेत. फळ मऊ कापडाच्या चुंबळीवर ठेवायचं, फोन बाजूला, पेन्सिलीच्या रबराच्या टोकानं गालावर एक टिचकी, सगळ्यात उंच शिखर कुठं आलं ते टिपायचं. शेडमध्ये पंखा बंद ठेवा आणि ट्रॅक्टर उभा असेल तर तो बंद होऊ द्या. एकाच बागेची पुरेशी फळं अशी लिहिली की कुठल्या आकड्याला तुमचा आंबा दोन दिवसांवर आलाय हे तुम्हालाच दिसायला लागेल. तो आकडा तुमच्या बागेचा, दुसऱ्याच्या उपयोगाचा नाही, पण तुम्हाला विकतच्या यंत्रापेक्षा भरवशाचा.

हे लिहिण्याचं काम शेडमधल्या कुणा एकीला नेमून द्या आणि त्याची वेगळी मजुरी धरा. निवडीच्या गडबडीत जमेल तेव्हा लिहू म्हटलं की ते कधीच लिहिलं जात नाही. तुमच्या आईंचा अंदाज काय होता तोही शेजारी लिहायला सांगा, फळ मोजायच्या आधी. त्यांचा हात किती वेळा बरोबर येतो ते आकड्यात दिसेल, आणि ज्या ढिगात त्यांचा हात बरोबर येतो तिथं यंत्राला वेळ घालवायची गरज नाही.

अरभावी_उद्यानविद्या

काका, तुमचा सूर आणि ड्युरोमीटर दोन्ही एकाच फळाचे असतील आणि शेवटी त्याच फळाला पेनिट्रोमीटर लावला तर ते माझ्या प्रकल्पालाही उपयोगी पडेल. दादा, पुढच्या आठवड्यात तोडणी असेल तर मी सकाळच्या बसनं येते. कोरड्या अंशासाठी काटा आणि सुकवणीचे ट्रे माझ्याकडून.

बिडीकर_बागायत

या ताई, खानापूर स्टँडवरून घ्यायला येतो. काका, तुम्हीही बेकवाडवरून या, अर्ध्या तासाची वाट आहे. दोन प्लॅस्टिकच्या टाक्या शेजाऱ्यांकडून मागून ठेवल्या आहेत. फळांवर नंबर कशानं टाकायचे? स्केचपेन चालेल का?

अनगोळ_निवृत्त_तपासनीस

येतो. हायड्रोमीटर आणि पेनिट्रोमीटर माझ्याकडचे आणतो. स्केचपेन नको, मिठाच्या पाण्यात पुसला जातो आणि चिकावर उमटतही नाही. जाड दोऱ्यानं देठाला पुठ्ठ्याची चकती बांधा, त्यावर पेन्सिलीनं नंबर. पाण्यात पेन्सिल टिकते.